सहाच्या काट्याशी

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे एकमेकांचे हात बघतात. नवा शिकाऊ डॉक्टर आला की त्याचं शिक्षण नंतर विचारतात, आधी तो चहाचा कप कसा उचलतो ते बघतात. कप बशीवर वाजला तर जिन्यात चर्चा होते. मला ही सवय कधीच आवडली नाही, कारण माझे हात बघून झाल्यावर मला चष्म्याच्या खोलीत बसवलं गेलं. त्याला आता बारा-चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मी खाली नंबर काढते, थेंब लिहून देते, मोतीबिंदू पिकलेल्यांना वरच्या मजल्यावर ऑपरेशनला पाठवते आणि ते खाली आले की त्यांचा चष्मा ठरवते. वर काय चालतं ते मला रोग्यांच्या तोंडून कळतं.

ती नवी शिकाऊ मुलगी पहिल्यांदा माझ्या खोलीत आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या एका आजींसमोर ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आजी, काल डॉक्टर डोळ्यात काम करत होते तेव्हा तुम्हाला आतून काय दिसत होतं?"

हल्ली नुसते थेंब टाकून डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. पण हा प्रश्न कोणी रोग्याला विचारलेला मी ऐकला नव्हता. आजींनाही कोणी विचारलं नसावं, कारण त्या खुलल्या. "आधी पांढरा उजेड," त्या म्हणाल्या, "मग त्यात काळी काडी आली. ती काडी गोल गोल फिरली. मग सगळं विरघळलं बघ."

"कुठल्या बाजूने फिरली?" मुलीने विचारलं.

आठवड्याभरात दवाखान्याने तिचं नाव 'चौकशी' ठेवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. हे नाव कोणाच्या डोक्यातून निघालं, एवढं मात्र तिने विचारून घेतलं.

तिचे वडील रेडिओ, पंखे दुरुस्त करायचे. घरात लहानपणापासून एकच कायदा, काहीही उघडून बघ, पण परत बंद करता आलं पाहिजे. इथे ती तिच्या आत्याकडे राहायची. उंचीने बेताची. माझीही उंची बेताचीच आहे, बँकेच्या काउंटरवरून माझं फक्त कपाळ दिसतं असं नवरा म्हणतो. चौकशी माझ्याहून दोन बोटं कमी होती. तिच्या शेजारी उभं राहिलं की मला उगाचच भारदस्त वाटायचं.

तिचं काय अडलं होतं ते सांगायचं तर आधी ऑपरेशन थोडं सांगायला हवं. डोळ्यातलं भिंग गढुळलं की मोतीबिंदू. हे भिंग एका पातळ पापुद्र्याच्या पिशवीत असतं. पिशवी जागेवर ठेवायची, आतला गढूळ गाभा काढायचा आणि त्याच पिशवीत नवं भिंग सरकवायचं. त्यासाठी पिशवीच्या पुढच्या बाजूला शर्टाच्या बटणाहून लहान असं गोल भोक पाडावं लागतं. डोळा बसू नये म्हणून आत आधी पारदर्शक जेली भरतात. भोक कापत नाहीत, बारीक चिमट्याने फाडतात. फाडत फाडत गोल फिरून जिथून निघालो तिथे परत यायचं. वर्तुळ पुरं झालं तर पुढचं निभावतं. फाट मध्येच बाहेरच्या बाजूला पळाली तर पिशवी मागेपर्यंत चिरायची भीती, आणि मग गाभा डोळ्याच्या तळाशी जाऊन बसू शकतो.

आम्ही डोळ्याला घड्याळ समजतो. बसणाऱ्याच्या अगदी जवळची जागा म्हणजे सहा. चिमटा आत घालायचा छेदही तिथेच असतो, त्यामुळे सहापाशी चिमटा स्वतःच्याच पायाशी वळवावा लागतो. चौकशीची फाट बारापासून तीनपर्यंत झकास जायची, तीनपासून पाचपर्यंत झकास जायची आणि सहाला आली की पळायची. दर वेळी.

सूक्ष्मदर्शकाच्या शेजारच्या नळीतून सर बघत असायचे. सर म्हणजे आमचे प्रमुख. इतके उंच की आमच्या प्रत्येक दारातून वाकून येतात. रोगी जागा, त्यामुळे थिएटरमध्ये कोणी कोणावर ओरडत नाही. सर फक्त शिकाऊच्या कोपराला दोन बोटं लावतात. दोन बोटं लागली की हात काढून घ्यायचे, उठायचं आणि सर त्या जागी बसतात. पळालेली फाट ते चिमट्यात धरून उलट ओढतात आणि वर्तुळ पुरं करून देतात. त्यांच्या हातून एकाही रोग्याचं वाईट झालेलं मी ऐकलेलं नाही. माणूस सज्जन आहे, यात वाद नाही.

त्या महिन्यात त्यांनी चौकशीला बोलावून घेतलं आणि सज्जनपणेच सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत सुधारणा दिसली नाही तर तिने ऑपरेशनचा नाद सोडावा. खाली चष्म्याच्या खोलीत मदतीची गरज आहेच.

मला हे वाक्य पाठ होतं. सरांनी मला सांगितलं तेव्हा पुढे "बुद्धी उत्तम आहे, हात सर्जरीचा नाही" एवढंही होतं. मी "थँक यू सर" म्हणून बाहेर आले, कारण ते मला खरंच वाटलं. इतकं खरं वाटलं, की घरीसुद्धा मी ते मानलं. मुलीची नखं नवऱ्याने कापली. सुईत दोरा ओवायचा झाला तर मी शेजारणीकडे जायचे, आणि तिला नंबर मीच काढून दिला होता.

"तू खाली आलीस तर मला बरंच आहे," मी चौकशीला म्हणाले. "माझी पाठ मोडते एकटीची."

"येईन मॅडम," ती म्हणाली. "पण आधी मला कळायला हवं, की सहावरच का?"

एकदा तिच्या आत्या डोळे तपासायला आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, जिभेने तिखट.

"डॉक्टर, गेले दोन महिने माझ्या घरात धड सालीचा टोमॅटो नाही," त्या म्हणाल्या. "ही साल फाडून सराव करते, प्रत्येकाच्या डोक्यावर गोल टक्कल. फ्रिज उघडला की सगळे माझ्याकडे बघत बसतात."

"टक्कल पूर्ण गोल असतं?" मी विचारलं.

"कंपासने काढल्यासारखं. एकाचंही बिघडलेलं नाही. तेवढं तरी सांगा तुमच्या साहेबांना."

सरावाच्या खोलीतही तेच. तिथे खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे डोळे असतात, टेबलावर छोटं सूक्ष्मदर्शक असतं. त्या डोळ्यांचा पापुद्रा माणसापेक्षा चिवट, तरी तिची वर्तुळं अशी यायची, की बरोबरीची मुलं मोबाईलवर फोटो काढून न्यायची. मग माणसाच्या डोळ्याशी काय होतं? सगळ्यांचं उत्तर तयार होतं. घाबरते. दीर्घ श्वास घे, ध्यान कर, रात्री दूध पी. एका वरिष्ठ मुलाने तिला डोळे मिटून समुद्र आठवायला सांगितलं. डोळे मिटून ऑपरेशन कसं करायचं, हे तिने त्याला विचारलं आणि त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला.

"भीती वाटते, मी नाही म्हणत नाही," ती मला म्हणाली. "पण भीती असेल तर ती तीनवर का वाटत नाही? नऊवर का नाही? भीतीला घड्याळ कळतं का, मॅडम?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ जरा रागही आला. हा साधा प्रश्न मी का विचारला नव्हता?

प्रत्येक ऑपरेशनचं चित्रण होतं. ती स्वतःची चित्रणं घेऊन माझ्या खोलीत यायची, डबा उघडायची आणि जेवता जेवता तेच तेच परत लावायची. आपली फाट पळताना बघायचं आणि वर भाजी घ्यायची, हे मला जमलं नसतं.

"थांबा. इथे बघा," एक दिवस ती म्हणाली. "चित्र धूसर झालं. आता स्वच्छ झालं. आता छेदाचा खालचा ओठ दबला, आतली जेली बाहेर आली. जेली गेली की भिंग पुढे येतं आणि फाट पळते. हे पुस्तकात आहे. पण त्याच्या आधीचं बघा. दर वेळी आधी चित्र धूसर होतं."

"तू फोकस हलवतेस म्हणून. सहापाशी नीट दिसत नाही."

"हो. पण कशाने हलवते?"

"पेडलने. डाव्या पायाने."

तिने डबा बंद केला. अर्धी पोळी तशीच राहिली. सरावाच्या सूक्ष्मदर्शकाला पेडल नसतं, फोकसची चकती हाताने फिरवतात. टोमॅटोला तर काहीच लागत नाही.

"मॅडम, उद्या तुम्ही वर या," ती म्हणाली. "दारापाशी उभ्या राहा. माझ्या हातांकडे सगळे बघतात. तुम्ही हात सोडून बाकीची मी बघा."

मी थिएटरमध्ये पाय ठेवून वर्षं झाली होती. रोग्याचे कागद द्यायच्या निमित्ताने गेले. टोपी घातली, मास्क बांधला आणि दाराशी उभी राहिले.

पलंग सरांच्या उंचीला लावलेला. वरचं मोठं सूक्ष्मदर्शकही. रोज सकाळी दोन्ही सरांच्या मापाने लागतात आणि दिवसभर तसेच राहतात. हलवायचं नाही असा काही नियम नाही, पण कोणी हलवलेलं मी ऐकलं नाही. चौकशी बसली तर तिचे डोळे नळ्यांपर्यंत पोचेनात, म्हणून मदतनीस बाईंनी तिची खुर्ची वर चढवली. खुर्ची वर गेली तसे तिचे पाय जमिनीवरून सुटले. उजवा खुर्चीच्या दांडीवर टेकला. डावा लोंबत राहिला.

मी खाली बघत होते. काम सुरू झालं, बराच वेळ काही हललं नाही. मग डावा पाय निघाला. आधी अंगठा ताणला, टाच वर गेली, तरी पेडल लांबच. मग ती खुर्चीच्या पुढच्या काठावर सरकली, कंबर डावीकडे कलली आणि अंगठ्याचं टोक एकदाचं पेडलच्या कडेला लागलं. वर उजवं मनगट खाली आलं होतं, अगदी किंचित. त्या किंचितने छेद दबला असणार. सरांची दोन बोटं तिच्या कोपराशी गेली.

आणि माझ्या डाव्या पोटरीत कळ आली.

मी शिकाऊ होते तेव्हा ऑपरेशनच्या दिवशी घरी गेले की डावी पोटरी दगड झालेली असायची. नवरा चोळून द्यायचा. आम्ही दोघं त्याला टेन्शन म्हणायचो. डावीच का, हे आम्ही विचारलं नाही. डॉक्टर मी, आणि मला माझीच पोटरी कळली नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला जे पाहिलं ते सांगितलं. ती चक्क हसली, एखादा बिघडलेला पंखा सुरू झाल्यासारखी खूश झाली. मला मात्र बाकावर बसावं लागलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. कोणावर रागवायचं तेही कळेना. सरांवर, पलंगावर, की त्या थँक यूवर?

"उद्या पलंग खाली घ्यायला सांग, झालं," मी म्हणाले.

"नको. मग फाट नाही पळाली तर म्हणतील भीती गेली. आधी खात्री करायला हवी."

"कशी?"

"सरांना बसवून."

मी तिला वेड्यात काढलं. पण तिने माळ्यावरून जुनं पेडलवालं सूक्ष्मदर्शक खाली काढलं, सरावाच्या खोलीत मांडलं, खुर्ची होती तेवढी वर चढवली, वर दोन उशा टाकल्या आणि पेडल सरांच्या लांब पायालाही जेमतेम पोचेल इतकं पुढे ढकललं. मग सरळ जाऊन सरांना बोलावून आणलं. काय सांगून आणलं कोण जाणे. सर उशांवर बसले. त्यांचे पाय लोंबताना बघून मी खिडकीकडे तोंड केलं.

पहिल्या बकऱ्याच्या डोळ्यात त्यांनी सुरेख वर्तुळ काढलं.

"सर, तुम्ही फोकस हलवला नाहीत," चौकशी म्हणाली.

"गरज पडली नाही."

"मला पडते, सर. प्लीज एकदा, सहापाशी आल्यावर."

दुसऱ्या डोळ्यात त्यांनी सहापाशी पाय ताणला. फाट पळाली. मला वाटलं, संपलं हिचं, उद्यापासून माझ्या खोलीत दुसरं टेबल लागणार.

"एकदा झालं म्हणजे योगायोगही असेल," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "अजून एक द्या."

तिसरीही सहावरच पळाली. मग सर खुर्चीवरून उतरले, खाली वाकले आणि त्यांनी टेबलाखाली बघितलं. बराच वेळ बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना टेबलाखाली बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीसमोर एक म्हातारे रंगारी होते, भिंती रंगवणारे. मोतीबिंदूमुळे त्यांना पिवळसर दिसायचं, म्हणून ते प्रत्येक रंगात जास्तीचा निळा कालवायचे आणि घरमालकांच्या शिव्या खायचे. काम सुटायची वेळ आली होती. या वेळी चौकशीने आधी दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवले, डाव्याचा चवडा पेडलवर, त्या हिशोबाने खुर्ची लावली, मग पलंग खाली घेतला, शेवटी सूक्ष्मदर्शक. नेहमीच्या उलट्या क्रमाने. शेजारच्या नळीशी सरांना असं बसावं लागलं, की त्यांचे गुडघे कानाशी आले.

मी दाराशी होते. पडद्यावर फाट तीनवर आली, पाचवर आली. चित्र धूसर झालं. मी खाली बघितलं तर डावी टाच जमिनीला चिकटलेली. चित्र स्वच्छ झालं, चिमटा सहाला वळला, आणि वर्तुळ सातवर, नऊवर जाऊन पुरं झालं. सरांचे हात त्यांच्या मांडीवरच होते. गाभा निघाला, नवं भिंग बसलं. माझा जीव भांड्यात पडला.

"काका, काय दिसलं?" तिने टेबलावरच विचारलं.

"निळा," रंगारी म्हणाले. "असा निळा मी कधी डब्यात कालवला नाही."

बाहेर आल्यावर सर तिला म्हणाले, "उद्यापासून पूर्ण केस तुमच्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत." ती धावत आत्याला फोन करायला गेली. सर तिथेच राहिले, माझ्याकडे बघत.

"डॉक्टर, तुमची उंची किती?"

"तिच्याहून दोन बोटं जास्त," मी म्हणाले.

"तुमचीही फाट सहावरच जायची?"

"हो."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. चेहऱ्यावर दिसत होतं. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

मला प्रत्येक फाट आठवत होती. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माफी मागितली, नीट, थांबून. मी "असू द्या सर" म्हणाले नाही. तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं.

दुपारी चौकशी मला हाताला धरून सरावाच्या खोलीत घेऊन गेली. मी नको नको म्हणत होते, पण पाय चालत होते. तिने आधी माझे पाय जमिनीवर टेकवले, डावा पेडलवर, मग खुर्ची लावली, मग नळ्या माझ्या डोळ्यांशी आणल्या आणि शेजारच्या पडद्यावर चित्रण सुरू केलं. इतक्या वर्षांनी खालून बकऱ्याचा डोळा चमकताना दिसला. चिमटा हातात घेतला. माझा श्वास मलाच ऐकू येत होता. बारा, तीन, पाच. सहापाशी पेडल दाबलं, पाय जागचा हलला नाही, आणि फाट सहावरून गुपचूप पुढे गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नळ्यांतून काही दिसेना, तरी मी हात थांबवला नाही, आणि नऊवर फाट बाहेर पळाली.

मी चिमटा ठेवला आणि उठायला लागले. सवयीने.

"कुठे निघालात?" चौकशी म्हणाली. तिने पडद्यावर चित्र मागे नेलं होतं आणि ती त्यात डोकं घालून बसली होती. "नऊवर का गेली, ते बघायचं नाही का, मॅडम?"

मी परत बसले.